लेकरांच्या डॉक्टरची वर्गणी कोणी भरायची?

अमेरिकेतल्या काही बालरोगतज्ज्ञांनी विमा कंपन्यांना रामराम ठोकला आहे. दर तपासणीची फी नाही, बिलं पाठवणं नाही. आईबापांनी महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि त्या बदल्यात लेकरू हवं तेव्हा दाखवायचं, रात्री फोन करायचा, अंगावर पुरळ आलं तर फोटो पाठवून विचारायचं. सर्वसाधारण उपचारांचा असा दवाखाना सिएटलमध्ये क्लायन्स नावाने २००७ मध्ये सुरू झाला. तो २०१७ मध्ये बंद पडला, पण पद्धत टिकली आणि मुलांच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. आता २०२६ पासून तिथल्या कायद्याने अशी फी, एका माणसामागे महिना दीडशे डॉलरपर्यंत, करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यातून भरायची मुभा दिली आहे.

हे वारं आज ना उद्या नागपूर-अमरावतीला लागेल. नोकरदार आईबापांना ते परवडेल आणि आवडेलही. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की, ही पद्धत शहरापेक्षा आपल्या खेड्यांना जास्त लागू पडते, आणि जशीच्या तशी आणली तर खेड्यांचंच सर्वांत जास्त नुकसान करील. वर्गणी एकेका घराने भरली तर नुकसान, गावाने मिळून भरली तर फायदा. हे पटवायचं तर थोडा हिशेब करावा लागेल.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. बाजाराच्या दिवशी मुलांच्या दवाखान्यातून निघालेली चिठ्ठी माझ्या किंवा शेजारच्या काउंटरवर येते. चिठ्ठीत साधारण पाच औषधं असतात: अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, तापाचं, खोकल्याचं, झिंक आणि एखादी पावडर. आई चिठ्ठी पुढे करते आणि आधी विचारते, "सगळं मिळून किती झाले जी?" आकडा ऐकला की मागे उभ्या असलेल्या सासूकडे पाहते. मग म्हणते, "यातलं जरुरीचं तेवढंच द्या भाऊ." जरुरीचं कोणतं हे ठरवायचा अधिकार माझा नाही, पण त्या घडीला ठरवतो मीच. बहुतेक वेळा झिंक मागे राहतं, कारण जुलाब थांबल्यावरही ते चौदा दिवस का पाजायचं, हे त्या माउलीला कोणी सांगितलेलं नसतं. खोकल्याची बाटली मात्र कधी मागे राहत नाही. खोकला ऐकू येतो ना.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. केंद्राच्या आरोग्य खात्याने मग बजावून सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. त्यानंतर काही आठवडे गिऱ्हाईक बाटली उलटीसुलटी करून नाव वाचायचं. पुढे येरे माझ्या मागल्या. (वर्गणीचा दवाखाना आला तर माझ्या दुकानातून अशा बाटल्या कमी जातील. माझ्या गल्ल्याच्या विरुद्ध बोलतोय याची मला कल्पना आहे.)

यात डॉक्टर लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. घोळ व्यवहारातच आहे. त्याला फी मिळते ती मूल आजारी पडून समोर आल्यावर. तीस किलोमीटरवरून काळीपिवळीत कोंबून आलेली बाई दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी लागलंच तर जे द्यायचं, ते तो पहिल्याच दिवशी लिहून मोकळा होतो. "दोन दिवस वाट पाहू, दूध पाजत राहा, अमुक दिसलं तर लगेच या" हा लहान मुलांच्या बाबतीतला सर्वांत उपयोगी सल्ला. पण त्या सल्ल्याची फी मागितली तर लोक म्हणतात, डॉक्टरने काहीच दिलं नाही. सुई नाही, सलाईन नाही, मग पैसे कशाचे? आणि वाट पाहण्यात काही बिघडलं तर खापर त्याच्याच डोक्यावर. अशा सौद्यात शहाणा माणूस पाच औषधं लिहिणारच.

वर्गणीने हा सौदा उलटा होतो. मूल आजारी पडो न पडो, डॉक्टरला पैसे तेवढेच. मग मूल धडधाकट असतानाच त्याला पाहून ठेवणं आणि आजार फोनवर निभावणं यात त्याचाही फायदा. आणि तान्ह्या लेकराच्या बाबतीत हे जमतं, कारण त्याचं बहुतेक सगळं आधीच ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात दूध नीट ओढतं का, कावीळ चढते का, नाळ कोरडी आहे का. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी लशी. सहा महिने झाले की वरचं खाणं. नववा महिना उलटला की गोवर-रुबेला. मधल्या पावसाळ्यात सर्दी-ताप आणि हगवण, हेही धरूनच चालायचं. विमा अचानक कोसळणाऱ्या खर्चासाठी असतो. आपल्याकडे तो आहेही: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती कामाला येते मूल भरती झाल्यावर. भरतीच होऊ नये म्हणून जे करावं लागतं, ते त्या योजनेत बसत नाही.

मग सरकार काही करत नाही का? बरंच करतं, आणि खेड्यात राहून ते नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. लशी फुकट आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी तिची फेरी असते. अंगणवाडीत वजन होतं, वर्षातून दोनदा तपासणीची गाडी येते. वर्षाच्या आतलं मूल आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत; २०११ मध्ये हे नवजात बाळांसाठी सुरू झालं, पुढे वर्षापर्यंतच्या मुलांना लागू झालं. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

घरभेटींचं हे सगळं शास्त्र विदर्भातूनच देशाला मिळालं, ही गोष्ट आपणच विसरतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर घरीच औषध सुरू करायचं. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मुलांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि आजच्या आशाताईच्या त्या फेऱ्या तिथूनच निघाल्या. त्या गावांत बालरोगतज्ज्ञ नव्हता. बाळ जन्मल्यापासून त्याला ओळखणारी, बोलावलं की येणारी एक बाई होती.

आजच्या सरकारी व्यवस्थेत माणसं आहेत, औषधं आहेत, कागद तर रग्गड आहेत. नाही ते सातत्य आणि रात्र. मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष. तिथला डॉक्टर पुष्कळदा सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवरचा, नुकताच एमबीबीएस झालेला, पुढच्या परीक्षेची पुस्तकं खोलीत उघडी ठेवून आलेला. वर्ष झालं की तो जातो, दुसरा येतो. त्यात त्याचा दोष नाही. पण लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला दोन-तीन डॉक्टर पाहतात आणि एकाच्याही लक्षात राहत नाही की हे मूल सातव्या महिन्यात न्यूमोनियाने भरती होतं. आशाताईकडे डझनभर कामांची रजिस्टरं आहेत आणि तिचं मानधन पदरात पडायला तिला मोर्चे काढावे लागतात. रात्री अकराला तिने फोन उचलावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

रात्री अकराला विचारायचं काय असतं, ते सांगतो. आठ महिन्यांचं पोर, दोन दिवसांचा खोकला, आता अंग तापलंय आणि पोट उडतंय. घरात दोन मतं. आजी म्हणते डबा झाला, ओवा-हळदीचा लेप लावा. बाप म्हणतो गाडी करू, पण गाडीला दीड हजार. या घरात कोणीतरी फोन उचलून सांगायला हवं की लेकराचं झबलं वर करा, उजेडात पोटाचा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, रडत असेल तर थांबा, शांत झाल्यावर काढा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाचा संशय. दोन महिन्यांच्या आत ती हद्द साठची. छाती आत ओढली जात असेल, दूध सुटलं असेल, लेकरू मलूल असेल, तर वाट पाहायची नाही, १०८ लावायची. श्वास बत्तीस भरले, नाक चोंदलंय आणि पोरगं हसतंय, तर दीड हजार वाचले. मोजणं शिकलेली नर्स हे करू शकते. अडलंच तर ती मुलांच्या डॉक्टरला उठवते, आणि डॉक्टरने फोनवरून सल्ला द्यायलाही २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी रीतसर वाट करून दिली आहे. त्या नर्सला हा फोन उचलायचा पगार द्यावा लागेल, एवढीच त्यातली मेख आहे.

आता हिशेब. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, कोणी करून पाहिलेला प्रयोग नाही. दीड हजार वस्तीची दहा गावं धरा, म्हणजे १५,००० लोक. हजारी पंधराच्या आसपास जन्म, म्हणजे वर्षाला सव्वादोनशे बाळं आणि पाच वर्षांखालची साधारण ११०० मुलं. एवढ्यांसाठी पूर्णवेळ बालरोगतज्ज्ञ परवडणार नाही, त्या नादाला लागूच नये. दोन नर्सा, प्रत्येकी महिना ₹२५,०००, वर्षाचे ६ लाख. तालुक्याचा बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस गावांत फिरेल आणि अडल्या वेळी फोनवर असेल, त्याचे दिवसाला ₹६,००० धरून ३ लाख. पेट्रोल, औषधं, वजनकाटे आणि फोन यांना २ लाख. एकूण ११ लाख.

हे पैसे अमेरिकेसारखे ज्याच्या घरी मूल त्याच्याकडून घ्यायचे तर मुलामागे वर्षाला ₹१,०००. ऐकायला फार नाही. पण दोन लेकरांच्या भूमिहीन घराला एकदम दोन हजार काढायचे आहेत. ते काढणार नाही. काढेल कोण? ज्याचं मूल वरचेवर आजारी पडतं तो, आणि ज्याला नोकरी आहे तो. समजा ११०० पैकी ४०० मुलं आली. नर्सा तेवढ्याच, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मुलामागे पावणेतीन हजार. मग धडधाकट मुलांचे आईबाप म्हणतील, वर्षभरात दाखवायची वेळच आली नाही, कशाला भरायचे? ते गळाले की वर्गणी आणखी चढेल. तीन वर्षांत उरतील ती तालुक्यातली सुखवस्तू घरं, आणि आपला बालरोगतज्ज्ञ त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरं देत बसेल. अमेरिकेत याच गोष्टीवर टीका होते: वर्गणीचा डॉक्टर दोन-अडीच हजार रुग्णांऐवजी पाच-सातशेच सांभाळतो, मग उरलेल्यांनी जायचं कुठे? तिथे निदान दुसरा डॉक्टर शोधता येतो. आमच्याकडे अख्ख्या तालुक्यात मुलांचे डॉक्टर एका हाताच्या बोटांवर मोजावेत. त्यातला एक जरी शंभर सुखवस्तू घरांनी बांधून घेतला तर बाजाराच्या दिवशीची रांग दुप्पट लांब होईल.

तेच ११ लाख दहा गावांतल्या सगळ्या घरांवर वाटा. साडेतीन हजार घरं धरली तर घरामागे वर्षाला सव्वातीनशेच्याही आत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ₹७,७१० ठरला. त्या भावाने चार-सव्वाचार किलो कापूस. व्यापाऱ्याने भाव पाडला तर पाच किलो. हमीभावाने सोयाबीनही सहा किलोच्या वर जात नाही.

घरात मूल नसलेल्याने का द्यावं, हा प्रश्न येणारच. पण हे आपल्याकडे होऊन गेलेलं आहे. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. उल्हास जाजूंनी आजूबाजूच्या गावांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य योजना उभी केली. सुगीनंतर वर्षातून एकदा ज्वारी गोळा करायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची पायली-दोन पायल्या, सेवा मात्र सगळ्यांना सारखी. एकट्यादुकट्या घराला घेत नसत. गावातली बहुसंख्य घरं, आणि त्यातही गरीब घरं, आली तरच गाव योजनेत. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक, औषधं, ठरावीक फेऱ्या, आणि कस्तुरबा रुग्णालयात भरतीची सवलत. वर पाहिलेला मुलामागे हजाराचा गळका हिशेब या एका अटीने बुजतो: अख्खं गाव आलं की आजारीच तेवढे गोळा होण्याचा धोका उरत नाही. आता ज्वारी आमच्या शिवारातून जवळजवळ गेली, कपाशी आणि सोयाबीनने ती खाल्ली. पण हिशेब तोच आहे.

सुगीला एकदा वर्षाचं देऊन टाकायचं आणि वर्षभर हक्काने काम सांगायचं, हे बलुत्यासारखंच झालं, असं कोणी म्हणेल. सारखेपणा आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. बलुत्यात काम जातीला बांधलेलं होतं. खळ्यावर कोणाला किती घालायचं ते देणारा ठरवायचा आणि घेणारा वाकून उभा राहायचा. नर्स म्हणून येणारी मुलगी पुष्कळदा दलित किंवा आदिवासी घरातली असेल. तिचा पगार घरोघर जाऊन गोळा करायला तिलाच पाठवलं, तर आपण नव्या नावाने जुनंच सुरू केलं म्हणायचं. वर्गणी तिने मागायची नाही आणि तिच्या हातात द्यायचीही नाही. पैसा बचत गटांच्या संघाकडे जावा. माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) लोकसंचालित साधन केंद्रं आहेत, ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे प्रभागसंघ आहेत. या बायकांना कर्जाची वसुली, पासबुक, ऑडिट सगळं अंगवळणी पडलेलं आहे. ग्रामपंचायतीकडे दिला तर सरपंच बदलला की डॉक्टर बदलेल.

भूमिहीनांचा वाटा ग्रामपंचायतीने भरावा, तशी तरतूद आहे. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे, हा नियम आहेच. आमच्या भागात ते पैसे खुर्च्या, सतरंज्या आणि अंगणवाडीच्या रंगरंगोटीत जातात. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांकडे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी येतो. गडचिरोलीत तर याहून सोपी वाट आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, मग अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. त्यांच्या खात्यात पैसा गावाचा म्हणूनच येतो. घरोघर फिरायची गरजच नाही, एक ठराव पुरे.

पैसा केव्हा मागायचा हे किती मागायचा याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि शहरातल्या योजना नेमक्या इथे आपटतात. महिन्याची वर्गणी हे नोकरदाराचं गणित. वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या कापूसपट्ट्यात दिवाळीनंतर चुकारा हाती येतो तो संक्रांतीपर्यंत. भंडारा-गोंदियाला धान विकल्यावर. जंगलपट्ट्यात मे-जूनला तेंदूवर. लेकरं आजारी पडतात श्रावण-भाद्रपदात, जेव्हा कृषी केंद्राची उधारी चढलेली असते, खताच्या दुसऱ्या हप्त्याला पैसे नसतात आणि बायको निंदणाला जाऊन जे आणते त्यावर चूल पेटते. त्या दिवसांत दवाखान्याला दोनशे रुपये काढणंही जड. पीक आलं की वर्षाचं देऊन ठेवलं, तर भाद्रपदात दवाखान्याच्या पायरीवर पैशासाठी अडायला होत नाही.

आणखी एक भानगड आहे जी मुंबईत बसून योजना आखणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. सव्वा महिना, कुठे तीन महिने, कुठे पाच. म्हणजे लेकराचे सर्वांत नाजूक दिवस आजोळी जातात आणि त्याचं नाव असतं सासरच्या गावाच्या यादीत. माहेरची आशाताई म्हणते ही माझ्याकडे नोंदलेली नाही, सासरची म्हणते ती गावातच नाही. म्हणून वर्गणी गावाची असली तरी हक्क लेकराबरोबर फिरायला हवा: दहा गावांच्या आत असेल तर नर्सने जाऊन पाहायचं, बाहेर असेल तर फोन. मेळघाटात याचंच मोठं रूप दिसतं. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. तिथे वर्गणीपेक्षा फिरत्या लेकराची नोंद कोण ठेवतो हा प्रश्न मोठा आहे. तान्ह्याचं पोट फुगलं की भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेऊन चटके देण्याचा प्रकार अजून पुरता गेलेला नाही. डॉक्टर दूर आणि भूमका घरचा, हे जोवर खरं आहे तोवर तो जाणार नाही. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे बैरागडला राहिले, एक-दोन रुपये फीवर. लोक आले ते फी कमी म्हणून असतील, पण टिकले ते हे दोघं तिथेच राहिले म्हणून, असं मला वाटतं.

एक शंका मात्र मला खरोखर छळते. आजारावर पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर डॉक्टर टाळाटाळ करील. फोनवरच कटवील, पाहायला हवं होतं ते पाहणार नाही. दर भेटीच्या फीत जास्त औषधांचा दोष आहे, वर्गणीत कमी लक्षाचा. यावर हमखास तोड नाही. थोडीफार आहे. नर्सचं रजिस्टर अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरशी दर महिन्याला, लसीकरणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर ताडून पाहायचं. कोणतं मूल दोन महिने वजनात वाढलं नाही आणि त्याच्या घरी कोण गेलं, एवढे दोनच प्रश्न बचत गटाच्या बैठकीत विचारायचे. डॉक्टरचा करार वर्षाचा, आणि तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे आयांनी ठरवायचं.

दुसरी शंका कार्यकर्ते मंडळींची: लोकांनी पैसे भरले की सरकार हात झटकेल. खरं आहे, सरकारला निमित्तच हवं असतं. म्हणून लस, आशाताईच्या फेऱ्या, भरती आणि गाडी यांतल्या एकाही गोष्टीला वर्गणीचा पैसा लावायचा नाही, आणि हे ठरावातच लिहायचं. उलट नर्सच्या रजिस्टरमुळे उपकेंद्रात अमुक लस दोन महिने आली नाही हे कागदावर येईल, आणि तो कागद घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जाता येईल. नुसत्या तोंडी तक्रारीला तिथे कोण विचारतो?

हा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणू नये. त्या दिवशी अर्धं गाव निंदणात असतं, उरलेलं कर्जात, आणि कशालाही "पाहू" म्हणतं. २६ जानेवारीची ग्रामसभा धरावी. कापसाचे दोन वेचे विकून झालेले असतात. यादी अंगणवाडी सेविकेकडून घ्यावी, जमिनीप्रमाणे वर्गणीचे टप्पे त्याच सभेत वाचून दाखवावेत, आणि फेब्रुवारीअखेर किती घरांनी भरले ते पंचायतीच्या फळ्यावर लिहावं. दहापैकी सहा गावांत बहुतेक घरं आली तर एक नर्स नेमून सुरू करता येईल, दुसरी पुढच्या वर्षी. चारच आली तर ज्याचे त्याला पैसे परत करावेत, पावती फाडून घ्यावी, आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबावं.